दाढी बंद

सासऱ्यांची दाढी करायचं काम सुनेकडे आलं, ते कुणी ठरवून दिलं म्हणून नव्हे. अर्धांगाच्या झटक्यात त्यांचा उजवा हात-पाय गेला आणि जीभ जड झाली. मुलगा थंड पेटीच्या ट्रकवर ड्रायव्हर, मासे आणि फुलं घेऊन दूरदूर जाणारा. घरी असला तर झोपलेला, नाही तर रस्त्यावर. सुरुवातीला एक न्हावी घरी येत असे, पण तो घाईत असायचा आणि सासऱ्यांना घाई खपत नसे. मग एका सकाळी त्यांनी डाव्या हातानेच रेझर धरला आणि कानाची पाळी कापून घेतली. रक्त पुसता पुसता सून म्हणाली, “द्या बाबा इकडे. मी करते.” तेव्हापासून रोज तीच करू लागली.

म्हातारा चेहऱ्याच्या बाबतीत भारी चोखंदळ. सगळं आयुष्य फोटो स्टुडिओत गेलेलं. लोकांना स्टुलावर बसवायचं, हनुवटी दोन बोटांनी जराशी वळवायची, “श्वास सोडा, आता बघा इकडे” म्हणायचं. कुणाच्या गालावर तीळ, मस किंवा पुटकुळी असली तर रात्र जागून बारीक ब्रशने ती फोटोतून काढायची. स्वतःच्या चेहऱ्याबाबतही तसेच. दाढी न करता बाहेरच्या खोलीतसुद्धा यायचे नाहीत. झटक्यानंतर तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, तरी गाल गुळगुळीत पाहिजेत म्हणजे पाहिजेतच.

सुनेलाही ते काम आवडायला लागलं. गरम पाण्यात पिळलेला टॉवेल चेहऱ्यावर ठेवला की म्हातारा डोळे मिटून घ्यायचा. मग ब्रशने फेस. मग डाव्या हाताच्या दोन बोटांनी सैल झालेली कातडी ताणून धरायची आणि उजव्या हाताने हलकेच रेझर ओढायचा. कानापासून हनुवटीपर्यंत एक पट्टा, मग दुसरा. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण सासऱ्यांशी तिचं बोलणं “जेवलात का” आणि “औषध घेतलंत का” याच्या पुढे गेलं नव्हतं. आता दाढी करताना ती त्यांना दुकानातल्या गमती सांगायला लागली. ती एका चष्म्याच्या दुकानात होती. लोकांच्या नाकावर फ्रेम बसवायची, दांड्या कानामागे नीट वाकवून द्यायच्या, हे तिचं काम. एकदा एक गृहस्थ तासभर आरशासमोर वेगवेगळ्या फ्रेमा लावून बघत होते आणि शेवटी स्वतःचाच जुना चष्मा पसंत करून गेले. हे ऐकून म्हातारा इतका हसला की फेस नाकात गेला.

तिच्या डाव्या हाताच्या तर्जनीवर, नखाच्या कडेला, एक चामखीळ होती. कधी आली ते आठवतही नव्हतं. दुकानात गिऱ्हाईक नसलं की ती अंगठ्याच्या नखाने ती कुरतडत बसायची, कधी सोलून रक्त काढायची. दुकानाचे मालक एकदा म्हणाले होते, “दाखवून घे गं ते कुणाला तरी.” ती “हो” म्हणाली होती. आज दाखवू, उद्या दाखवू, करता करता राहून गेलं. चामखिळीने कधी कुणी मेलंय?

एका सकाळी फेस पुसल्यावर तिला सासऱ्यांच्या जबड्यावर काहीतरी दिसलं. कातडीच्याच रंगाचे, राईच्या दाण्याएवढे चार-पाच फोड. खिडकीकडे तोंड करून तिने नीट पाहिलं. घामोळं असेल, असं वाटलं. मग ती रोज त्या फोडांवरून जरा जपून, पण रेझर फिरवतच राहिली. काही आठवड्यांत ते कानाखालपासून हनुवटीपर्यंत पसरले. वेडेवाकडे नव्हे, तर सरळ रेघेत. रेझर ज्या वाटेने जायचा, त्याच वाटेने.

“काय... आहे... ते?” सासऱ्यांनी आरसा मागितला. एकेक शब्द जोर लावून बाहेर काढावा लागे.

“काही नाही हो. उष्णता असेल.”

ते आरशात बराच वेळ बघत राहिले. दुसऱ्या दिवशी ती त्यांना त्वचेच्या डॉक्टरकडे घेऊन गेली.

डॉक्टरीणबाई फटकळ होत्या. भिंगातून चेहरा पाहिला, म्हणाल्या, “चामखिळी आहेत आजोबा. घाबरायचं काही कारण नाही.” मदतनिसाने त्यांची चाकाची खुर्ची बाहेर नेली. सून चिठ्ठीसाठी थांबली होती. तिने सहज विचारावं तसं विचारलं, “कशामुळे होतात हो या?”

“दाढी कोण करतं त्यांची?”

“मी.”

“हात बघू.”

तिने उजवा पुढे केला.

“दुसरा.”

दुसरा हात टेबलावर ठेवताना तिला कळून चुकलं. बाईंनी ते बोट धरलं, फिरवून पाहिलं आणि सोडलं.

“हा विषाणू असतो,” त्या म्हणाल्या. “पात्याने कातडीला बारीक चिरा पडतात, डोळ्यांना दिसतसुद्धा नाहीत. तुम्ही या बोटाने कातडी ताणता, वरून पातं फिरवता. एक चामखीळ रुजली की पातंच तिला पुढे पुढे पेरत जातं. अहो, हे बोट आधीच दाखवलं असतंत तर हे झालंच नसतं.”

त्या रागावून बोलल्या नव्हत्या, तरी ते वाक्य तिच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं. पुढचं तिने कसंबसं ऐकलं. दाढी बंद. तो रेझर फेकून द्यायचा. केस वाढले तर कात्रीने, कातडीला न लागता कापायचे. टॉवेल वेगळा. त्यांना खाजवू द्यायचं नाही. तुमच्या बोटावर उपचार करायचे, तोवर ते झाकून ठेवायचं, कुरतडायचं नाही, हात धुवायचे. मग चेहऱ्यावरच्या आपोआप जातील, पण वेळ लागेल. कदाचित वर्ष.

बाहेर व्हरांड्यात सासरे वाट बघत होते. “काय... म्हणाली?”

“दाढी करायची नाही म्हणाल्या. थोडे दिवस.”

“का?”

“तसं... पसरतं म्हणे.”

एवढंच सांगितलं तिने. 

घरी आल्यावर तिने रेझर कागदात गुंडाळून टाकून दिला आणि बोटाला पट्टी बांधली. सासऱ्यांनी विचारलं तर “कापलं” म्हणाली. त्यांचा टॉवेल वेगळ्या खिळ्यावर गेला. इथपर्यंत डॉक्टरांनी सांगितलेलंच होतं. पण भीतीला लगाम नसतो. हळूहळू तिने त्यांचा कप वेगळा केला, चमचा वेगळा केला, उशीचा अभ्रा वेगळ्या बादलीत भिजवायला लागली. तोंड पुसताना रबरी हातमोजे चढवायला लागली, आणि तेही घाईघाईत, नजर दुसरीकडे ठेवून. त्यांच्या गालाकडे बघितलं की आपलं बोट जळतंय असं तिला वाटायचं. दुकानातल्या गमती बंद झाल्या.  म्हाताऱ्याच्या गालांवर पांढरे खुंट उगवले, मग विस्कटलेली दाढी. तो आता बाहेरच्या खोलीत येईना.

नवऱ्याला तिने फोनवर सांगितलं, “बाबांच्या चेहऱ्यावर काहीतरी आलंय. औषध चालू आहे.”

“कशाने आलं?”

“काय माहीत. दवाखान्यातून असेल.”

खोटं एकदा बोललं की ते आपल्या आधी दारात जाऊन उभं राहतं. चार दिवसांनी नणंद भेटायला आली, तर तिला भावाकडून हेच कळलेलं होतं.

नणंद नवऱ्याची थोरली बहीण. एका शाळेच्या मुदपाकखान्यात मुख्य स्वयंपाकीण. आवाज पातेल्यांच्या खणखणाटावर मात करायला सरावलेला, पण बापावर जीव ओवाळून टाकणारी. ती बापाच्या खोलीत गेली आणि दारातच थबकली.

“बाबा! हे काय रूप केलंय तुमचं?”

म्हाताऱ्याने मान दुसरीकडे केली.

नणंदेने खोलीभर नजर फिरवली. वेगळा खिळा, वेगळा कप, खिडकीत वाळत घातलेले हातमोजे. “हे कुणासाठी?”

“डॉक्टरांनी सांगितलंय, ताई,” सून म्हणाली. “संसर्ग असतो तो.”

“चामखिळीचा संसर्ग? आणि म्हणून माणसाला हातमोजे घालून हात लावायचा?”

तेव्हा म्हातारा बोलला. एकेक शब्द सुटा करून. “वाळीत... टाकलंय... मला. किळस... येते... तिला.”

 सुनेने तिथेच सांगायला हवं होतं, की बाबा, किळस मला माझीच येते. तिने तोंड उघडलंही. पण नणंद तोवर कपाटातून त्यांचे कपडे काढायला लागली होती.

“स्वतःचा बाप असता तर असं केलं असतंस? चला बाबा. माझ्या घरी तुम्हाला कुणी हातमोजे घालून हात लावणार नाही.”

सुनेने खुर्ची खाली उतरवायला मदत केली. टॅक्सीचं दार लागता लागता ती म्हणाली, “ताई, दाढी तेवढी करू नका हं त्यांची. डॉक्टर नको म्हणाल्यात.”

“मला नको शिकवू, वहिनी.”

त्या रात्री नवरा फोनवर म्हणाला, “जाऊ दे गं. राहू दे थोडे दिवस तिच्याकडे. तुलाही जरा आराम.” तिला खरंच हलकं वाटलं. आणि हलकं वाटलं याची इतकी शरम वाटली की तिला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात ती एका बाईंच्या कानामागे दांडी बसवत असताना फोन थरथरला. नवऱ्याने फोटो पाठवला होता. खाली लिहिलं होतं, “बघ, ताईने बाबांना नवरदेव केलंय.”

फोटोत सासरे होते. गाल लख्ख, तोंडाची चांगली बाजू हसणारी. तिने फोटो मोठा करून पाहिला. जबड्यावर दोन ठिकाणी रक्ताचे बारीक ठिपके होते.

तिने लगेच नवऱ्याला फोन लावला. “कुणाच्या रेझरने केली?”

“भाऊजींच्या. का गं? नवीन पातं होतं म्हणे, एकदम भारी.”

भाऊजी म्हणजे नणंदेचा नवरा. छापखान्यात रात्रपाळीला असायचा, संध्याकाळी दाढी करून कामावर जायचा. तिने नणंदेला फोन केला. उचलला नाही. पुन्हा केला. कापला.

“मला जायला हवं,” ती मालकांना म्हणाली.

“आता? गिऱ्हाईक बसलंय.”

“जायलाच हवं.”

बस बदलून नणंदेच्या घरी पोचेपर्यंत ऊन कललं होतं. ती जिना जवळजवळ पळतच चढली. दार भाऊजींनीच उघडलं. गळ्यात टॉवेल, अर्ध्या चेहऱ्यावर साबणाचा फेस, अर्धा चेहरा साफ झालेला. हातात रेझर.

“अरे वा, वहिनी! या ना.”

“भाऊजी, थांबा. ते पातं खाली ठेवा.”

“काय झालं?”

“ठेवा म्हणते ना!”

तिचा आवाज ऐकून नणंद स्वयंपाकघरातून बाहेर आली. आतल्या खोलीचं दार उघडं होतं, खुर्चीत सासरे दिसत होते. सगळे तिच्याकडे बघत होते. तिने बोटाची पट्टी सोडली आणि हात पुढे केला.

“कापलेलं नव्हतं,” ती म्हणाली. “ही चामखीळ आहे. बाबांना माझ्यामुळे झाल्या. या हाताने मी त्यांची दाढी करत होते, रोज. डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. पातं एकाचं दुसऱ्याला लागलं तर दुसऱ्यालाही होतात. मी कुणाला सांगितलं नाही.”

भाऊजींनी रेझर बेसिनच्या कडेवर ठेवला, जसं काही तो गरम होता.

नणंदेला समजायला क्षणभर लागला. मग ती म्हणाली, आणि आवाज न चढवता म्हणाली, हे जास्त वाईट होतं, “काल दारात उभी राहून ‘दाढी करू नका’ म्हणालीस. का करू नका, ते एक वाक्य नाही सांगता आलं तुला?”

“लाज वाटली, ताई.”

“तुझी लाज. आणि तोंडं आमची.”

ते खरं होतं. भाऊजी आरशाकडे आणि बायकोकडे आळीपाळीने बघत म्हणाले, “मग आता ही उरलेली अर्धी? असाच जाऊ कामावर?” कुणीही हसलं नाही. शेवटी त्यांनी फेस धुऊन टाकला, गळ्याला मफलर गुंडाळला आणि अर्ध्या दाढीनेच निघून गेले.

सून आतल्या खोलीत गेली. सासऱ्यांसमोर जमिनीवर बसली.

“म्हणजे... किळस... नव्हती?” त्यांनी विचारलं.

“नाही हो बाबा. भीती होती. माझ्या हाताचीच.”

 तिला वाटलं, आता ते डोक्यावर हात ठेवतील. माणसाला वाटतं तसं. पण त्यांचे डोळे भरून आले ते रागाने.

“मी... तिथं... पडून... विचार करायचो. काय... चुकलं माझं. रोज.” श्वास घ्यायला ते थांबले. “सांगायचं... होतंस. एवढंच. जा आता. मी... इथंच... राहतो.”

ती उठली. जाताना नणंदेने दार उघडून धरलं.

नवऱ्याने आल्यावर सगळं ऐकून घेतलं. तो आरडाओरडा करणाऱ्यातला नव्हता. “मला तरी सांगायचंस,” एवढंच म्हणाला आणि पुढच्या फेरीला एक दिवस आधीच निघून गेला. दुकानात तिने आपणहून मालकांना बोट दाखवलं. ते चांगले होते, पण धंदा धंदा असतो. “बरी होईपर्यंत गिऱ्हाइकाच्या तोंडाशी हात नको,” म्हणाले आणि तिला मागच्या खोलीत काचा पुसून पाकिटात भरायला बसवलं. तिथून तिला पुढचे आवाज ऐकू यायचे. कुणीतरी नवी मुलगी फ्रेम बसवायची आणि लोक म्हणायचे, “जरा टोचतंय हो इथे.”

डॉक्टरीणबाईंनी बोटावर थंड वायू मारला. फोड आला, दुखलं, गळून पडला. तिथेच खाली चामखीळ पुन्हा डोकावली. पुन्हा मारला. ती आता त्या बोटाला चुकूनही दुसरं बोट लावत नव्हती. झोपेतही मूठ आवळलेली असायची.

आणि भाऊजींचं काय होतं, याची धास्ती होतीच. ते एका दिवसात कळणारं नव्हतं. आठवडे गेले. नणंदेचा फोन नवऱ्याला यायचा, आणि तो “हं, हं” म्हणत असताना ती भांडी घासायची थांबून कान देऊन उभी राहायची. अनेकदा तिने देवाला नवस बोलावा तसं मनात म्हटलं, मला दहा येऊ देत, त्यांना नको. तसं काही होत नसतं.

हिवाळा सरता सरता कळलं. भाऊजींच्या हनुवटीखाली एक आली होती. एकच, लहानशी. त्यांनी स्वतः फोन करून सांगितलं. “वहिनी, सासऱ्याने इस्टेटीत शेवटी काहीतरी दिलं बरं का मला!” आणि मोठ्याने हसले. ती हसू शकली नाही. मागून नणंदेचा आवाज आला, “यात हसण्यासारखं काय आहे?” मग फोन बंद झाला.

त्यानंतर काही दिवसांनी फोन आला तो नणंदेचाच. नुसतं कामापुरतं बोलली. “बाबा दाढीला कुणाला हात लावू देत नाहीत. मी कापायला घेतली तर केस ओढतात म्हणून ओरडतात. तुला बोलावलंय त्यांनी. कात्री तुझी आण.”

ती रविवारी सकाळी गेली. सासरे खिडकीशी बसले होते. पांढरी दाढी छातीपर्यंत नाही, पण गळ्याखाली आली होती. ते वेगळेच कुणीतरी दिसत होते. तिने खांद्यावर चादर टाकली, हातमोजे चढवले, कंगव्याने केस उचलून कात्री चालवायला लागली. कातडीपासून दोन बोटं दूर.

“ते... काढ,” त्यांनी हातमोज्यांकडे पाहत म्हटलं.

“नाही बाबा.”

“बरी... झालीये... ना?”

“डॉक्टर म्हणतात, अजून नाही. आणि तुमच्याही आहेतच की.”

त्यांच्या कपाळावर आठी पडली. पण या वेळी तिने नजर दुसरीकडे वळवली नाही. दाढीखाली चामखिळी दिसत होत्या. कानाजवळच्या काही सपाट झाल्यासारख्या वाटत होत्या, बाकीच्या तशाच होत्या. तिने ते त्यांना जसं होतं तसं सांगितलं.

“नाही... गेल्या... तर?”

“डॉक्टर म्हणतात जातील. मला माहीत नाही.”

 चादरीवर पांढरे केस पडत होते. मग ते म्हणाले, “घरी... कधी... नेतेस?”

सुनेची कात्री थांबली. ती काही बोलणार, तोच स्वयंपाकघराच्या दारातून नणंद म्हणाली, “अजून नाही. आधी तिचं बोट पूर्ण बरं होऊ दे. मग बघू.”

त्यात खोच होती की काळजी, सुनेला कळलं नाही. पण म्हणणं चुकीचं नव्हतं. तिने मान हलवली. सासऱ्यांनी दोघींकडे आळीपाळीने पाहिलं, मग डोळे मिटले आणि चेहरा जरासा वर केला.

“मग... मिशी... तरी... नीट काप,” ते म्हणाले. “डावी... बाजू... लांब आहे.”